शहाण्णव छेदांची राशी



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानाचा विषय एक संख्या आहे. फक्त एकच. ती अशी लिहितात : ७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६. अंक मोजले तर एकोणतीस भरतात. जैन आगमात ही संख्या मनुष्यांची गणना म्हणून आली आहे, आणि ज्या ग्रंथात ती आली त्या अनुयोगद्वारसूत्राने ती आकड्यांत न देता तिचे गुणधर्म दिले आहेत. संख्येचे नाव घ्यायचे नाही, तिची ओळख सांगायची, असा हा प्रकार आहे.

मोठमोठ्या संख्यांची जैन वाङ्मयात वाण नाही. पूर्वांग, पूर्व यांपासून चढत जाणारी कालगणना शीर्षप्रहेलिकेपाशी थांबते तेव्हा चौऱ्याऐंशी लाखांना चौऱ्याऐंशी लाखांनी गुणत अठ्ठावीस घात झालेले असतात आणि अंकस्थाने १९४ होतात. त्यापुढे पल्योपम, सागरोपम आणि असंख्यात आहेतच. व्याख्यानांतून, लेखांतून या संख्यांचा उल्लेख बहुधा त्यांच्या भव्यतेसाठी होतो. ऐकणारा थक्क होतो आणि विषय तेथेच संपतो. शीर्षप्रहेलिकेपुढे आजची एकोणतीस अंकी राशी तशी लहानच आहे. परंतु तिच्यात एक विशेष आहे. ती तपासून पाहता येते, आणि नवव्या शतकाच्या आरंभी एका आचार्यांनी ती खरोखरच तपासून पाहिली.

प्रथम सूत्रातील ओळख पाहू जाता तीन खुणा दिसतात. पहिली खूण स्थानांची : ही राशी तिसऱ्या यमलपदाच्या वर आणि चौथ्या यमलपदाच्या खाली आहे. आठ अंकस्थानांचे एक यमलपद, तेव्हा तीन यमलपदे म्हणजे चोवीस स्थाने व चार म्हणजे बत्तीस. एकोणतीस त्यांच्या मध्ये बसते. दुसरी खूण वर्गांची : सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले असता ही राशी येते. तिसरी खूण छेदांची : हिचे शहाण्णव वेळा अर्धे करता येते. या तीन खुणांपैकी पहिली ढोबळ आहे, दुसरी राशी निर्माण कशी करावी ते सांगते, तिसरी ती मोडून पाहण्याची रीत सांगते.

दुसरी खूण थोडी उलगडून घेणे आवश्यक आहे. एकाचा वर्ग एकच, त्यामुळे आरंभ दोनपासून. दोनचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चाराचा वर्ग सोळा, हा दुसरा. सोळाचा वर्ग २५६, तिसरा. त्याचा वर्ग ६५,५३६, चौथा. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. शेवटच्या दोहोंचा गुणाकार केला की एकोणतीस अंकी राशी हाती येते. घातांच्या भाषेत पाचवा वर्ग म्हणजे दोनचा बत्तिसावा घात, सहावा म्हणजे चौसष्टावा. बत्तीस आणि चौसष्ट मिळून शहाण्णव. तिसरी खूण दुसरीतून अशी आपोआप निघते.

या रीतीतील काटकसर लक्षात घेण्याजोगी आहे. दोनला दोनने गुणत शहाण्णवाव्या घातापर्यंत जायचे तर पंच्याण्णव गुणाकार करावे लागतील. वर्गांच्या वाटेने सहा वर्ग आणि अखेरचा एक गुणाकार, एकूण सात पायऱ्यांत काम होते. आज बँकेचे व्यवहार गुप्त राखण्यासाठी संगणक जी प्रचंड घातांची गणिते करतात, ती याच युक्तीने, म्हणजे वर्गामागून वर्ग घेत, करतात. याचा अर्थ आगमकारांना संगणक ठाऊक होता असा अर्थातच नाही. तसले दावे करणाऱ्यांनी परंपरेची सेवा केलेली नाही. युक्ती मात्र तीच आहे.

तिसऱ्या खुणेतील 'छेद' या शब्दामागे तर एक स्वतंत्र गणितच उभे आहे. एखाद्या राशीचे एकापर्यंत पोहोचेतो जितक्या वेळा अर्धे करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. सोळाचे अर्धच्छेद चार, २५६ चे आठ, प्रस्तुत राशीचे शहाण्णव. षट्खंडागमावरील धवला टीकेत आचार्य वीरसेनांनी अर्धच्छेदांचे नियम वापरले आहेत : दोन राशींच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्या दोहोंच्या अर्धच्छेदांची बेरीज, भागाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्यांची वजाबाकी. तिनाने भागत गेल्यास त्रिकच्छेद, चाराने भागत गेल्यास चतुर्थच्छेद. अर्धच्छेदांचे अर्धच्छेद म्हणजे वर्गशलाका, हीही संकल्पना तेथे आहे. सहाव्या वर्गाचे अर्धच्छेद चौसष्ट आणि चौसष्टाचे अर्धच्छेद सहा, म्हणजे वर्गशलाका सहा. वर्ग किती वेळा केला ते तिच्यावरून कळते.

शाळेत लॉगरिदम शिकलेल्यांच्या हे ध्यानी येईल की हा दोन या पायाचा लॉगरिदमच आहे. युरोपात जॉन नेपियर यांचा लॉगरिदमवरील ग्रंथ १६१४ साली प्रसिद्ध झाला. एवढ्यावरून 'लॉगरिदमचा शोध जैनांनी लावला' असे म्हणण्याचा मोह होतो. त्यात अर्धे सत्य आहे. गुणाकाराचे बेरजेत रूपांतर करणारा नियम धवलेत आहे, हे निर्विवाद. नेपियर यांनी केले ते निराळे : कोणत्याही संख्येसाठी उपयोगी पडतील अशी कोष्टके त्यांनी रचली, आणि खगोलशास्त्रज्ञांचे कष्ट वाचले. वीरसेनांना कोष्टकांची गरज नव्हती. त्यांना अतिविशाल राशींची परस्परांशी तुलना करायची होती, आणि त्यासाठी छेद पुरेसे होते.

आता खुद्द राशीकडे वळावे. तिच्या विभाजकांचा विचार केला तर तिला दोनच्या घातांखेरीज कोणताही विभाजक नाही. एक, दोन, चार, आठ असे करत राशीपर्यंत एकूण सत्त्याण्णव विभाजक होतात. राशी सोडून उरलेल्या शहाण्णव विभाजकांची बेरीज केली तर ती मूळ राशीपेक्षा बरोबर एकाने कमी भरते. ज्या संख्येच्या अशा विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच होते तिला पूर्ण संख्या म्हणतात. सहा आणि अठ्ठावीस ही तिची परिचित उदाहरणे. प्रस्तुत राशी पूर्णत्वाला केवळ एकाने उणी आहे. दोनच्या सर्वच घातांचा हा धर्म आहे, आणि त्यांच्याव्यतिरिक्त अशी, अगदी एकानेच उणी पडणारी, दुसरी संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही. ती नसतेच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

ही राशी वर्ग आहे, घन आहे, चतुर्थ घात आहे, सहावा, आठवा, बारावा घात आहे. शहाण्णवला ज्या ज्या संख्येने भाग जातो त्या त्या संख्येचा ती पूर्ण घात आहे. त्यामुळेच गोम्मटसाराच्या जीवकांडात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती हीच राशी वेगळ्या वाटेने सांगू शकतात : पाचव्या वर्गाचा घन. बत्तीस त्रिक शहाण्णव, म्हणून उत्तर तेच. अनुयोगद्वारात पाचवा गुणिले सहावा, गोम्मटसारात पाचव्याचा घन. एक श्वेतांबर परंपरेतील आगम, दुसरा दिगंबर परंपरेतील ग्रंथ. राशी एकच.

भागाकारात ती आणखी एक चमत्कृती दाखवते. तिला तीनने भागा, पाचने, सातने, नऊने, तेराने, सतराने भागा, बाकी दर वेळी एकच उरते. सत्त्याण्णवने भागले तरीही एकच. कारण सत्त्याण्णव ही अविभाज्य संख्या आणि शहाण्णव तिच्याहून एकाने कमी, आणि अशा वेळी बाकी एक उरणे हा फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी सतराव्या शतकात सांगितलेला नियम आहे. अकराने भागले तर मात्र हा क्रम मोडतो. बाकी नऊ येते.

नऊची बाकी पुढे उपयोगी पडणार आहे, कारण नेमिचंद्रांनी राशी केवळ 'पाचव्या वर्गाचा घन' एवढे सांगून सोडलेली नाही. लगेच पुढच्या गाथेत त्यांनी तिचे एकोणतीसही अंक अक्षरांत गुंफले आहेत. कटपयादी पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला एक अंक दिलेला असतो. त म्हणजे सहा, ल म्हणजे तीन, न म्हणजे शून्य. गाथा त, ल, ल, न या क्रमाने सुरू होते, म्हणजे ६, ३, ३, ०. आणि अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे असल्याने राशीच्या शेवटी ०३३६ येते. गाथेतील संख्येची अखेर ख, झ, स या अक्षरांनी होते, म्हणजे २, ९, ७, आणि राशीचा आरंभ ७९२ असा होतो. मधली अक्षरे ज्यांना हौस असेल त्यांनी घरी लावून पाहावीत. तंतोतंत जुळतात.

सुमारे हजार वर्षे हातांनी उतरवून घेतलेल्या गाथेत एकोणतीस अंक जसेच्या तसे राहावेत, ही साधी गोष्ट नव्हे. अंकांत लिहिलेली संख्या नक्कल करताना सहज बिघडते; एक शून्य गळाले की काम बिघडले. छंदात बसवलेले अक्षर मात्र गळाले तर मात्रा कमी पडते आणि म्हणणाऱ्याच्या जिभेला ते खटकते. शिवाय आज नवाची कसोटीही लावता येते. सर्व अंकांची बेरीज १२७, तिची पुन्हा बेरीज दहा, आणि दहाची एक. दोनच्या घातांच्या नवाने येणाऱ्या बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा सहा-सहाच्या फेऱ्यात फिरतात. शहाण्णवला सहाने भाग जातो, म्हणून बाकी एकच यायला हवी. येते. ही कसोटी सर्व चुका पकडत नाही, दोन अंकांची अदलाबदल तिच्या हातून निसटते, हे सांगणेही प्राप्त आहे.

ही सारी झाली राशीची अंतर्गत सुसंगती. राशी स्वतःशी जुळते. ती बाहेरच्या जगाशी जुळते का? हा प्रश्न वीरसेनांनी विचारला.

त्यांच्यापुढे पुष्पदंत-भूतबलींच्या षट्खंडागमाचे सूत्र होते. पर्याप्त मनुष्यांतील मिथ्यादृष्टी जीवांची संख्या, आणि बहुसंख्य मनुष्य त्यांतच येतात, सूत्राने दोन जोड्यांच्या मर्यादांत सांगितली आहे. सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्या वर्गाच्या खाली, ही एक जोडी. कोडाकोडाकोडीच्या वर आणि कोडाकोडाकोडाकोडीच्या खाली, ही दुसरी. पहिली जोडी फार सैल आहे. सहावा वर्ग वीस अंकी, सातवा एकोणचाळीस अंकी. प्रस्तुत राशीचे छेद शहाण्णव, चौसष्ट आणि एकशे अठ्ठावीस यांच्या मधोमध, तेव्हा ती येथे आरामात बसते.

दुसऱ्या जोडीपाशी मात्र अडचण उभी राहते. कोटीला कोटीने गुणले की कोडाकोडी. तीन कोटींच्या गुणाकारात एकावर एकवीस शून्ये, चारांच्या गुणाकारात एकावर अठ्ठावीस शून्ये. एकावर अठ्ठावीस शून्ये म्हणजे एकोणतीस अंक झाले, आणि एकोणतीस अंकी संख्यांत ती सर्वांत लहान. तिच्याहून खाली असलेल्या संख्येला अठ्ठावीसपेक्षा अधिक अंक असूच शकत नाहीत. राशीचे कोटींच्या गटांत तुकडे केले की हे डोळ्यांना दिसते : ७, ९२२८१६२, ५१४२६४३, ३७५९३५४, ३९५०३३६. पहिला सात हा सात कोडाकोडाकोडाकोडींचा. मर्यादा एकाची, राशी सातांहून अधिकांची, जवळजवळ आठपट.

अंकस्थाने सारखीच, एकोणतीस आणि एकोणतीस, म्हणून हा विरोध वरवर वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. वीरसेनांच्या तो लक्षात आला. येथे एखादा टीकाकार दोन मार्ग निवडू शकला असता. परंपरेने आलेली राशी मोठ्या आचार्यांची आहे म्हणून सूत्राचा अर्थ थोडा ताणायचा; किंवा सूत्र प्रमाण आहे एवढे म्हणून राशी बाजूला ठेवायची. वीरसेनांनी सूत्राची बाजू घेतली खरी, परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढले आणि इतके मनुष्य त्यात मावू शकत नाहीत असे दाखवले. म्हणजे ही राशी सदोष ठरली, आणि ती केवळ सूत्राविरुद्ध म्हणून नव्हे, मोजमापाविरुद्ध म्हणूनही.

परंपरेतलीच मापे घेऊन हा हिशेब आज कोणालाही करता येतो, आणि तो करून पाहण्यातच खरी गंमत आहे. मनुष्यक्षेत्र म्हणजे अडीच द्वीप. जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजने. त्याभोवती लवणसमुद्र दोन्ही बाजूंना दोन-दोन लाख, धातकीखंड चार-चार, कालोदधी आठ-आठ आणि पुष्कराचा अलीकडील अर्धा भाग आठ-आठ. एक, चार, आठ, सोळा, सोळा : एकूण पंचेचाळीस लाख योजने. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या दहाच्या वर्गमूळपट, आणि परिघाला व्यासाच्या चौथाईने गुणले की क्षेत्रफळ. एका योजनात चार कोस, कोसात दोन हजार धनुष्ये, धनुष्यात चार हात, हातात चोवीस अंगुळे. म्हणजे योजनाची ७,६८,००० अंगुळे. गुणाकार पुरा केला की मनुष्यक्षेत्राची चौरस अंगुळे सुमारे ९४४ वर बावीस शून्ये इतकी येतात. ही पंचवीस अंकी संख्या झाली. मनुष्यांची राशी एकोणतीस अंकी. एका चौरस अंगुळावर सुमारे ८,३९० माणसे!

याला तत्काळ उत्तर दिले जाईल की हे प्रमाणांगुळ आहे, ते शरीर मोजण्याच्या उत्सेधांगुळाच्या पाचशेपट असते. उत्तर बरोबर आहे, आणि हिशेबात ते धरलेच पाहिजे. एका चौरस प्रमाणांगुळात पाचशे गुणिले पाचशे, अडीच लाख चौरस उत्सेधांगुळे. त्यांना ८,३९० ने भागले की प्रत्येक मनुष्याच्या वाट्याला तीसहूनही किंचित कमी चौरस अंगुळे येतात. म्हणजे साडेपाच अंगुळे लांब, तितकीच रुंद जागा. वीतसुद्धा बारा अंगुळांची असते. उभे राहायला दोन पावले टेकवावीत एवढीही ही जागा नाही, आणि यात लवणसमुद्र व कालोदधी यांचे पाणी, मेरू आणि कुलाचल हे सारे धरलेले आहे.

मनुष्य म्हणजे केवळ भरतक्षेत्रातील किंवा आजच्या भूगोलावरील लोक नव्हेत, हे येथे विसरता कामा नये. आजच्या पृथ्वीवरील मानवांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आठशे कोटींवर गेली. ती दहा अंकी आहे, पाचव्या वर्गाच्या दुपटीहून कमी. छेदांच्या भाषेत बत्तीस आणि तेहेतीस यांच्या दरम्यान. तिची आणि आगमातील राशीची तुलना करून एकाला खोटे ठरवणे हा विषयच नव्हे. वीरसेनांची कसोटी वेगळी होती. एकाच शास्त्रातील क्षेत्राचे माप आणि जीवांची गणना एकमेकांशी जुळली पाहिजेत, एवढीच त्यांची मागणी. आणि ती फार कठोर मागणी आहे.

त्यांच्या हातून असे एकदाच घडले असेही नाही. लोकाचा आकार मृदंगासारखा गोल मानावा, असे एक मत होते. लोकाचे घनफळ ३४३ घनरज्जू. वीरसेनांनी मृदंगाकार लोकाचे तुकडे पाडून, परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३५५ भागिले ११३ धरून घनफळ काढले. ते ३४३ च्या निम्म्याइतकेही भरेना. तो आकार त्यांनी नाकारला. ३५५ भागिले ११३ हे गुणोत्तर सहा दशांशस्थळांपर्यंत अचूक आहे, हा भाग वेगळा.

या दोन्ही पुराव्यांची छापील ओळख अभ्यासकांना झाली ती आपल्याच प्रदेशातून. धवलेच्या ताडपत्री मूडबिद्रीच्या ग्रंथभांडारात जुन्या कन्नड लिपीत होत्या आणि दीर्घकाळ केवळ दर्शनाच्या वस्तू म्हणून राहिल्या. त्यांची नक्कल व्हावी यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी खटपट केली त्यांत सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांचे नाव अग्रभागी आहे. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले. पहिला भाग अमरावतीहून १९३९ साली निघाला. जीवांच्या गणनेचा द्रव्यप्रमाणानुगम हा तिसरा भाग १९४१ साली. आणि १९४२ च्या चौथ्या भागाबरोबर लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरचा इंग्रजी निबंध छापला गेला. एकोणतीस अंकी राशी आणि वीरसेनांनी केलेले तिचे खंडन, दोन्ही त्या निबंधात नोंदलेली आहेत. बिभूतिभूषण दत्त यांनी जैन गणितसंप्रदायावर १९२९ साली लिहिले तेव्हा धवला छापली गेलेली नव्हती. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने तिलोयपण्णत्ती आणि १९६३ साली महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह हिंदी अनुवादासह काढला, तेव्हा या गणिताचा बराच मोठा भाग एका जिल्ह्याच्या पत्त्यावर मिळू लागला.

राशीच्या दोन घटकांचा पुढचा प्रवास येथे थोडक्यात सांगणे योग्य होईल, कारण तो गणितात भलताच दूर गेला. वर्गमालेतील प्रत्येक संख्येत एक मिळवले की ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या येतात. चारही अविभाज्य. फर्मा यांना वाटले की हे असेच चालू राहील. पाचव्या वर्गात एक मिळवून येणाऱ्या ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलर यांनी १७३२ साली दाखवले. सहाव्या वर्गात एक मिळवून येणारी संख्याही विभाज्य निघाली, ते एकोणिसाव्या शतकात. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक धान्य दुप्पट करत जाण्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. चौसष्ट घरांचे एकूण दाणे सहाव्या वर्गाहून एकाने कमी. आणि इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत जितके पत्ते शक्य होते ती संख्या म्हणजे नेमका पाचवा वर्ग. त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ साली वाटून संपला. नव्या पद्धतीतील पत्त्यांची संख्या सातवा वर्ग आहे, म्हणजे षट्खंडागमाच्या सूत्रातील सैल जोडीची वरची कड.

शेवटचा मुद्दा नेमिचंद्रांचा. ते धवलेनंतर सुमारे दीडशे वर्षांनी झाले. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीची मूर्ती उभारणारे चामुंडराय त्यांचे शिष्य, आणि गोम्मटसाराची बैठकच मुळी धवलेची. तरीही वीरसेनांनी सदोष ठरवलेली राशी त्यांनी घेतली, अक्षरांत बांधली, आणि गाथेत त्याचे कारण दिले नाही. त्यांच्यापुढे परंपरेतील संख्या जशी मिळाली तशी जतन करण्याचे काम होते असे मानावे, तर तेही संग्रहकर्त्याचे कर्तव्यच होते. वीरसेन टीकाकार होते, त्यांचे काम निराळे. एकाने संख्या एकाही अंकाची चूक न होता पुढे पोहोचवली म्हणूनच दुसऱ्याचा आक्षेप आज नेमका कशावर होता ते कळते. राशी बिघडून आली असती तर खंडन हवेत राहिले असते.

अठराव्या शतकात जयपूरच्या पंडित टोडरमल यांनी गोम्मटसारावर ढुंढारी बोलीत सम्यग्ज्ञानचंद्रिका लिहिली. तिला त्यांनी 'अर्थसंदृष्टी' नावाचा अधिकार जोडला, आणि त्यात राशी, वर्ग, अर्धच्छेद, घन यांच्यासाठी योजलेल्या चिन्हांचा अर्थ एकेक करून समजावून सांगितला. संस्कृत-प्राकृत न जाणणाऱ्या श्रावकालाही पाटी घेऊन हा हिशेब स्वतः मांडता यावा, अशी त्याची रचना आहे.